थेंब मुरतोय

फ्रिजच्या दारात, कढीपत्त्याच्या पुडीशेजारी
रात्रीची बाटली. तिला एक रबरबँड.
सकाळ-संध्याकाळची बाहेर, देव्हाऱ्याखालच्या खणात.
तिला दोन.
झाकणांचे रंग सुनेला कळतात,
मला बोटांनी कळतं.

तुर्भ्याच्या दाणा बाजारात बावीस वर्षं निवडायला बसले.
तुरीतला खडा, गव्हातलं कुसळ.
शेठ म्हणायचा, मावशी,
तुमच्या सुपातून मुंगीसुद्धा परवानगी काढून जाते.
त्याच नजरेला कडेकडेनं उंदीर लागला,
भाकरी कुरतडावी तसा.
मधली भाकरी शाबूत,
म्हणून पत्ताच नाही.
दुखलं नाही, पाणी आलं नाही.
डाव्या अंगानं हातगाडी आली,
ती तेवढी दिसली नाही.
घोट्यावर अजून व्रण आहे.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले.
मला वाटलं, मोतीबिंदूचा कुणी चुलत भाऊ असेल,
काढून टाकतील.
"गेलेलं परत येत नाही, आजी.
राहिलेलं राखायचं."

राखणं मला ठाऊक होतं.
पाठ गेल्यावर आमच्या यांनी हमाली सोडून
गोदाम राखलं सहा वर्षं.
काही घडू नये म्हणून रात्रभर जागायचं,
आणि सकाळी, काही घडलं नाही
म्हणून कुणी शाबासकी देत नाही.

तांबोळी सिस्टरनं शिकवलं:
मान मागे. खालची पापणी ओढून खळगा करायचा.
एकच थेंब.
दुसरा गालावर जातो, आणि बाटली महिनाभर पुरवायची असते.
मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट,
कणीक भिजली का बघतो ना, तेवढंच दाबून.
नाहीतर औषध घशात उतरतं, कडू.
दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं.

मिटल्या डोळ्यांनी घड्याळ कसं बघणार?
म्हणून मी बाजारातून चालत जाते.
पहिल्या गाळ्यापासून,
ज्वारी, बाजरी, पोह्यांची पोती,
काट्यावरचा गुप्ता, त्याचा तिरका स्टूल.
शेवटच्या गाळ्यापर्यंत पाच मिनिटं होतात.

नातू विचारतो, आजी झोपली का?
नाही रे,
थेंब मुरतोय.

कॅलेंडरवर रेघा मारते,
चार उभ्या, एक आडवी,
हे गोण्या मोजायचे तशा.

वैशाखात भाचीच्या हळदीला ओतूरला गेले
आणि बाटल्या इथेच राहिल्या.
तीन दिवस.
डोळा तर दुखत नव्हता, कुणाला काय सांगायचं?
परत आले, पेन घेऊन उभी राहिले.
रेघा मारणं किती सोपं होतं.
सून आत भांडी लावत होती.
यांनी एकदा दोन रेघा जास्त मारल्या होत्या,
थोरल्याच्या फीसाठी.
आठ दिवस धड जेवले नव्हते.

मी शून्यं काढली.
मोठी, मला दिसतील एवढी.

तपासणीला दाब सोळाचा बावीस.
मी पिशवीतून कॅलेंडर काढलं, घडी घातलेलं.
डॉक्टरांनी शून्यांवर बोट ठेवलं.
रागावतील वाटलं.
म्हणाले, हे नसतं दाखवलं तर आज
तिसरं औषध लिहून दिलं असतं मी.
पुन्हा या, पंधरा दिवसांनी.

आता गावाला निघताना
साडीच्या आधी डबा भरते.
स्टीलचा, आत बर्फाची पिशवी,
फडक्यात गुंडाळलेली बाटली.
प्रणिता हसते, आईंचं सोनं निघालं.
हसू दे.

रात्रीचे नऊ.
दोन रबरबँडची झाली, एकवाली बाकी.
बोट कोपऱ्यावर.
ज्वारी, बाजरी, गुप्ताचा स्टूल.
इथे सगळं कडेपर्यंत आहे,
छपराचा पत्रा, पत्र्यावरचं कबूतर, खालची सांडलेली डाळ.
वळणावर डावीकडून हातगाडी येते.
मी बाजूला होते,
तिला जाऊ देते.